परदेशात सायबर सिक्युरिटी शिकायला पोराला पाठवताय? घर तारण ठेवण्याआधी एवढं वाचा

शिरढोण (ता. पनवेल) : आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं गाव म्हणून शिरढोण सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गोवा हायवेला लागून असलेल्या या भागातली पोरं पूर्वी बारावी झाली की एमआयडीसीत नाहीतर बंदराच्या कामाला लागायची. आता बीएससी आयटी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालेली पोरं-पोरी गावोगाव आहेत. आणि अलीकडे घराघरात एक नवीन वाक्य ऐकू यायला लागलंय, "बाबा, मला सायबर सिक्युरिटीत मास्टर्स करायला बाहेर जायचंय."

भात झोडणी चालू असताना ओळखीतले एक गृहस्थ खळ्यावर आले. हातात कन्सल्टन्सीची चकचकीत फाईल. म्हणाले, "दादा, तुम्ही बातम्या लिहिता, तुम्हाला चार गोष्टी माहीत असतात. पोरगा इंग्लंडला जातो म्हणतोय. पस्तीस-चाळीस लाख लागतील म्हणतात. घर बँकेत टाकू की नको?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. मी बारावी शिकलेला माणूस, शेती करतो आणि बातम्या देतो. पण प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून थोडा अभ्यास केला. जे समजलं ते इथे मांडतोय.

हा विषय आपल्याला लांबचा नाही

सायबर सिक्युरिटी म्हणजे फेसबुकचा पासवर्ड, असा अनेकांचा समज असतो. पळस्पे फाट्यावर कंटेनरच्या रांगा आपण रोज बघतो, तिथूनच सुरुवात करू. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायच्या, त्याच्या अपडेटमधूनच तो आत शिरला. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर त्यात बंद पडले आणि मर्स्क समूहाकडे असलेल्या आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या जीटीआय टर्मिनलचं काम ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठे जायचाय, हे सांगणारी यंत्रणाच बंद. मर्स्कने पुढे सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी ९४ कोटींहून जास्त रक्कम पळवली. बनावट कार्डांनी जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. बँकेच्या दारावर बंदूकवाला उभा होता, पण दरोडा दारातून आलाच नाही.

तेव्हा ही राखण करणारी माणसं लागणार, आपल्याकडेही लागणार, यात शंका नाही. पोराने निवडलेला विषय चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

तिकडे शिकवतात काय?

नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, माहिती कुलूपबंद करण्याचं गणित म्हणजे क्रिप्टोग्राफी, व्हायरस उघडून तपासणं, गुन्हा झाल्यावर कॉम्प्युटरमधून पुरावा काढणं म्हणजे डिजिटल फॉरेन्सिक, परवानगी घेऊन यंत्रणा फोडून बघणं, आणि शेवटी कायदा व जोखमीचा हिशेब. एवढं सगळं एका अभ्यासक्रमात थोडं-थोडं असतं.

पण नाव एकच असलं तरी आतला माल दोन प्रकारचा असतो. एक खरा तांत्रिक, जिथे कोडिंग आणि गणित येणं गरजेचं. दुसरा व्यवस्थापनाकडे झुकलेला, जिथे धोरणं आणि अहवाल जास्त. पोराने विषयांची यादी विद्यापीठाच्या साईटवरून स्वतः काढून बघितली पाहिजे. कन्सल्टन्सीच्या फाईलमध्ये इमारतीचे फोटो असतात, ही यादी क्वचितच असते.

कुठे जातात, किती लागतं?

ब्रिटन : मास्टर्स एका वर्षाचं, म्हणून ओढा जास्त. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजने १९९२ पासून माहिती सुरक्षेचा मास्टर्स चालवलाय, या विषयातलं ते जुनं आणि नावाजलेलं ठिकाण. फी विद्यापीठागणिक वेगळी. समजा २० हजार पाउंड धरली. राहण्या-खाण्यासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पाउंड (लंडनमध्ये १,५२९) असा नऊ महिन्यांचा पैसा व्हिसासाठी दाखवावा लागतो, म्हणजे १०,५३९ पाउंड. आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६, पण व्हिसा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा मिळतो म्हणून तो १,१६४ पाउंडांपर्यंत जातो. पाउंड १२० रुपये धरला तर फी २४ लाख, राहणं साडेबारा लाखांच्या वर, सरचार्ज १ लाख ४० हजार. बेरीज ३८ लाख. विमान, व्हिसा फी, थंडीचे कपडे वेगळे.

दाखवायचा पैसा पोराच्या किंवा आईबापाच्या खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, नाहीतर बँकेचं शैक्षणिक कर्जाचं पत्र लागतं. मामाच्या, काकाच्या खात्यातला पैसा चालत नाही. "आम्ही पैसा दाखवून देतो" म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोटे कागद पकडले गेले तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं.

जर्मनी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-फी नाही किंवा नाममात्र आहे. सगळीकडे फुकट मात्र नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्याहून बरेच जास्त. सारलँड विद्यापीठात आणि कोटबुसच्या विद्यापीठात सायबर सिक्युरिटीचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे १०५ चा भाव धरला तर साडेबारा लाख. हा पैसा आपलाच, तो महिन्याला ९९२ युरो असा परत मिळतो. आपल्या पदवीच्या कागदांची दिल्लीतून 'एपीएस' तपासणी करून घ्यावी लागते, ती २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीची आहे. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अभ्यास इंग्रजीत असला तरी नोकरीला जर्मन भाषा आडवी येते. पोरगा जाण्याआधी जर्मन शिकायला तयार आहे का, हे विचारून घ्या.

एस्टोनिया : हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. तेरा-चौदा लाख वस्तीचा देश. २००७ साली एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साईट यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला. त्यानंतर त्यांनी हा विषय फार मनावर घेतला. नाटोचं सायबर संरक्षण केंद्र राजधानी टॅलिनमध्ये २००८ मध्ये उभं राहिलं. टॅलिनचं तांत्रिक विद्यापीठ आणि तार्तू विद्यापीठ मिळून दोन वर्षांचं मास्टर्स इंग्रजीत शिकवतात.

अमेरिका : दोन वर्षं आणि सगळ्यात महाग. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानात मोडतो म्हणून आणखी दोन वर्षं, अशी तीन वर्षं काम करता येतं. पुढे एच-वन-बीची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावल्यापासून तिकडचं गणित आणखी बेभरवशाचं झालंय. आपल्या तीन वर्षांच्या बीएससीला तिथली सगळी विद्यापीठं मानत नाहीत, अनेकांना चार वर्षांची पदवी लागते. अर्जाची फी भरण्याआधी हे विचारा.

पार्ट टाईम कामावर फी निघेल, असंही पोरांना सांगितलं जातं. ब्रिटनमध्ये शाळा चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, अमेरिकेत तेही कॉलेजच्या आवारातच. त्यातून भाजी-भाकरी सुटेल, फी सुटणार नाही.

फाईलमध्ये न लिहिलेली गोष्ट

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. हा विषय राखणदारीचा आहे. आणि कुठलाही देश आपल्या तिजोरीची किल्ली परक्याच्या हातात सहजासहजी देत नाही.

तिकडे सायबर सुरक्षेच्या नोकऱ्यांचा मोठा वाटा सरकार, लष्कर आणि त्यांची कामं घेणाऱ्या कंपन्यांकडे असतो. त्यासाठी 'सिक्युरिटी क्लिअरन्स' लागतो, म्हणजे माणसाची सरकारी तपासणी. अमेरिकेत तो फक्त नागरिकांना मिळतो. ऑस्ट्रेलियातही नागरिकत्व लागतं. ब्रिटनमध्ये नेहमीच्या 'एससी' तपासणीसाठी साधारण पाच वर्षं त्या देशात राहिलेलं असावं लागतं. एका वर्षाचं मास्टर्स करून बाहेर पडलेल्या पोराकडे ती पाच वर्षं कुठून येणार?

म्हणजे "सायबरमध्ये लाखो जागा रिकाम्या आहेत" हे वाक्य खरं असलं तरी त्या सगळ्या जागा आपल्या पोरासाठी नाहीत. त्याच्यासाठी उरतात बँका, विमा, टेलिफोन कंपन्या, सल्लागार कंपन्या, मोठी दुकानं, हॉस्पिटलं. त्यातही कंपनीकडे परदेशी माणसाला ठेवून घेण्याचा परवाना हवा आणि पगार सरकारने ठरवलेल्या रेषेच्या वर हवा. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून ही रेषा वर्षाला ४१,७०० पाउंड आहे, नव्या पदवीधराला सवलत देऊन ३३,४००. सायबरमध्ये नवखा माणूस बहुधा पाळीत बसून धोक्याच्या सूचना तपासणारा अ‍ॅनालिस्ट म्हणून लागतो. त्या कामाला एवढा पगार मिळेलच असं नाही.

वेळही कमी होतोय. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर थांबायला दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार. २०२६ च्या सप्टेंबरात जाणारं पोर त्यातच येतं, कारण त्याचा अभ्यासक्रम २०२७ मध्ये संपतो.

हे सांगितल्यावर कुणी म्हणेल, तुम्ही घाबरवताय. तसं नाही. खासगी क्षेत्रात आपली पोरं लागतात, चांगली लागतात. पण तांत्रिक हात चांगला असलेली आणि जाण्याआधी एक-दोन वर्षं नोकरी केलेली पोरं पुढे असतात. कोरं पोर नुसत्या पदवीच्या जोरावर गेलं तर त्याच्या हातात दीड वर्ष आणि डोक्यावर कर्ज, अशी गत होते.

बँकेत सातबारा चालत नाही

आता पैशाचं. आपल्याकडे माणूस म्हणतो, दोन एकर आहे, बँक देईल की. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण सरळ आहे. कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्याने मालमत्ता ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यांना एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव असलं काही लागतं. गावठाणातलं घरही अडतं. आजोबांच्या नावची घरपट्टी आहे, पण प्रॉपर्टी कार्ड नाही, वारस नोंद नाही, असं निम्म्या घरांचं असतं. जायचं ठरत असेल तर हे कागद आधी करायला घ्या. व्हिसापेक्षा तलाठी आणि भूमी अभिलेखाला जास्त वेळ जातो.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं आणि परदेशासाठी खर्चाच्या १५ टक्के रक्कम आपल्या पदरची घालावी लागते. काही बँका ठरावीक मोठ्या विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात, तशी यादी बँकेत मागा. खासगी फायनान्स कंपन्या तारणाशिवाय पटकन देतात, पण व्याज जास्त. 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेची जाहिरात बघून बरेच जण बँकेत जातात. ती देशातल्या निवडक संस्थांसाठीच आहे, परदेशासाठी नाही.

हप्त्याचं गणित करून बघू. ३० लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं फेड. महिन्याचा हप्ता साधारण साडेचाळीस हजार. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, ते यात धरलेलं नाही. पोराला ब्रिटनमध्ये नोकरी लागली तर हा हप्ता म्हणजे ३४० पाउंडांच्या आसपास, तो निघून जाईल. नाही लागली आणि तो घरी परत आला, तर नवी मुंबईतल्या सुरुवातीच्या पगारात साडेचाळीस हजाराचा हप्ता कसा बसवणार? घर तारण ठेवायचं की नाही याचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे. पोरगा नोकरीशिवाय परत आला तरी हप्ता भरता येईल एवढंच कर्ज काढा.

शिष्यवृत्ती आहे, पण अट वाचा

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांना 'सारथी'मार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावची. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग, आदिवासी आणि अल्पसंख्याक मुलांसाठी त्या-त्या खात्याच्या वेगळ्या. आपल्या भागातला आगरी समाज ओबीसीत येतो, पण या योजनेची चौकशी करणारे फार कमी दिसतात. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला हे कागद आधी तयार हवेत, कारण जाहिरात निघाल्यावर मुदत थोडी असते.

यात एक मेख आहे. या शिष्यवृत्त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. आणि सायबर सिक्युरिटीत उत्तम असलेलं ठिकाण एकूण क्रमवारीत वर असेलच असं नाही. वर सांगितलेलं रॉयल हॉलोवे किंवा टॅलिनचं विद्यापीठ जगातल्या पहिल्या दोनशेत नाही. म्हणून आधी जाहिरातीतली क्रमवारीची मर्यादा बघा, मग विद्यापीठं निवडा. उलटं केलं की सगळी मेहनत वाया.

आधी इथे हात बसवा

खारघर रेल्वे स्टेशनासमोर सी-डॅकचं केंद्र आहे, आपल्यापासून तासाभराच्या आत. सी-डॅकचा आयटी यंत्रणा व सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा २४ आठवड्यांचा असतो, त्याला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. यंदा तो कुठल्या केंद्रात आहे ते चौकशी करून बघा. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात, म्हणजे गांधीनगरच्या एनएफएसयूमध्ये, सायबर सिक्युरिटीचं मास्टर्स आहे. खर्च परदेशाच्या मानाने किरकोळ. एखादा डिप्लोमा, वर्ष-दोन वर्षांची नोकरी आणि मग परदेश, हा रस्ता लांबचा वाटतो, पण तारण ठेवलेल्या घराला तोच मानवतो.

एक इशारा पोरांसाठी. सराव म्हणून ग्रामपंचायतीची, कॉलेजची किंवा कुणाचीही साईट फोडून बघू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या धंद्यात चारित्र्याची तपासणी आयुष्यभर होत राहते. सरावासाठी कायदेशीर प्रयोगशाळा आणि स्पर्धा इंटरनेटवर फुकट आहेत.

सही करण्याआधी हे विचारा

पोराला : विषयांची यादी वाचलीस का? प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्क किती येतं? क्लिअरन्स न लागणाऱ्या दहा नोकऱ्यांच्या जाहिराती मला काढून दाखव.

एजंटला : तुम्हाला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं का? याच विद्यापीठात गेलेल्या आपल्या भागातल्या तिघांचे नंबर द्या. (नंबर मिळाले तर स्वतः फोन करा.)

बँकेत : शिकतानाचं व्याज किती चढेल, ते लिहून द्या.

आणि फी नेहमी विद्यापीठाच्या स्वतःच्या साईटवरूनच भरा, एजंटच्या खात्यात नाही. फसवणूक झालीच तर लाज न धरता लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा अडवण्याची शक्यता जास्त.

त्या गृहस्थांना मी हेच सगळं सांगितलं. ते थोडे नाराज झाले, कारण पोराने मित्रांना जातोय म्हणून सांगून टाकलं होतं. दोन दिवसांनी पोरगा स्वतः आला. आम्ही दोघांनी बसून पंचवीस जाहिराती वाचल्या. त्यातल्या अकरा ठिकाणी क्लिअरन्स किंवा नागरिकत्वाची अट निघाली, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या बहुतेक जागांना दोन वर्षांचा अनुभव हवा होता. आता तो सी-कॅटचा अभ्यास करतोय, आणि संध्याकाळी मोबाईलवर जर्मनचे धडे ऐकत असतो. घराचं प्रॉपर्टी कार्ड काढायला मात्र त्याच्या बाबांनी सुरुवात केलीय. ते काहीही झालं तरी लागणारच आहे.